आणखी एक फेरी

बेकरीतल्या मिस्त्रीने पावाचा कोपरा तोडून तोंडात टाकला आणि चावता चावता तो थांबला. त्याने दुसऱ्या ट्रेमधला पाव उचलला, मधोमध फोडला, आतला मऊ भाग चाखला. मग तिसऱ्या ट्रेमधला. बाहेर अंगणात उजाडलं होतं, गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि ड्रायव्हर ट्रे आत सरकवत होता.

"थांब," मिस्त्री म्हणाला. "उतरव सगळे."

"उतरवू? अहो, आत्ता तर चढवले."

"मीठ नाही त्यात."

ड्रायव्हरने एक तुकडा तोंडात टाकला आणि ट्रे पुन्हा खाली घ्यायला सुरुवात केली. तो हसला असता तर बरं झालं असतं.

पाव दिसायला सुरेख होते. मिठाचा लगाम नसला की पीठ मोकाट सुटतं. तसे ते फुगले होते, हलके, गुबगुबीत, रंगाने मात्र जरा फिकट. रात्री पीठ हाताला नेहमीपेक्षा जास्त चिकटत होतं आणि वेळेआधीच टबाच्या काठाला आलं होतं. उकाड्यामुळे असेल, असं म्हणून मिस्त्रीने ते पुढे जाऊ दिलं होतं. मीठ मापून बाजूला ठेवल्याचं त्याला आठवत होतं. घातल्याचं आठवत नव्हतं, आणि न घातल्याचंही आठवत नव्हतं.

मालकीणबाई केस बांधत खाली आल्या. त्यांनी एकेका दुकानाला फोन करून आज पाव येणार नाही म्हणून सांगितलं. मिस्त्री कोपऱ्यात उभा राहून कोरडेच हात पुसत होता. बोलणी खायची त्याने मनाची तयारी केली होती.

"होतं कधी कधी," फोन ठेवून बाई म्हणाल्या. "कोंबड्यांच्या फार्मवाल्याला देऊन टाकू." मग जिन्यावर पाय ठेवताना त्या वळल्या. "मिस्त्री, तब्येत बरी आहे ना तुमची? हल्ली काही... म्हणजे, झोप वगैरे होते ना?"

"होते, बाई."

त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्या कपडे बदलताना झटकून टाकता आल्या असत्या. ही काळजी मात्र अंगाला चिकटून त्याच्याबरोबर फाटकाबाहेर आली.

भट्टी सांभाळणारा त्याचा मेहुणा सायकल हातात धरून शेजारून चालत होता. बायकोचा धाकटा भाऊ. बेकरीत सगळे त्याला भोंगा म्हणत, कारण तो बोलायला लागला की पीठ मळण्याच्या यंत्राचा आवाज ऐकू येत नसे. आज भोंगा गप्प होता. सायकलवर टांग टाकून तो केव्हाच पुढे जाऊ शकला असता, पण गेला नाही. मिस्त्रीला तेही टोचत होतं. आजारी माणसाला घरी पोचवायला निघाल्यासारखं वाटत होतं ते.

"तुझ्या ताईला सांगू नकोस," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"मिठाचं."

"बरं," भोंगा म्हणाला. एवढंच.

मिस्त्रीच्या वडिलांचं विसरणंही असंच कशानेतरी सुरू झालं होतं. आधी चहात दोनदा साखर, मग घराकडे येणारी गल्ली, आणि शेवटी शेवटी ते पोटच्या मुलाला विचारत, "आपण कुणाकडचे?" त्या दिवसांत त्यांना भरवणं, आंघोळ घालणं, दार उघडून बाहेर पडले की मागे धावणं, हे सगळं बायकोने केलं. मिस्त्री रात्री कामावर आणि दिवसा झोपेत. तिने कधी तक्रार केली नाही. पण ते गेल्यावरही कितीतरी दिवस तिला दाराची कडी वाजल्याचा भास होई आणि ती दचकून उठून बसे. तिच्या वाट्याला हे पुन्हा येऊ नये, आणि ते आपल्यामुळे तर मुळीच येऊ नये, एवढंच मिस्त्रीच्या डोक्यात फिरत होतं. उद्या बाईंना सांगून कामच सोडावं. घरी बसावं. घरी बसून काय होईल, ते मात्र त्याला सुचत नव्हतं.

वळणापाशी रस्त्याचं काम चाललं होतं. कडेला सिमेंटचे मोठाले पाइप रचून ठेवले होते. बरेच दिवस पडून असावेत, कारण त्यांच्याभोवती गवत वाढलं होतं. पलीकडच्या टोकाला कामगार दोर सोडत होते. आज पाइप उचलायचे असणार.

भोंग्याने एकदम मिस्त्रीचा दंड धरला.

"दाजी, तिकडे बघा."

अगदी खालच्या पाइपातून एक मुंगूस बाहेर आलं. तोंडात काहीतरी काळपट लोंबत होतं. उंदीर असेल असं मिस्त्रीला वाटलं. मग त्या काळपट गोळ्याने पाय हलवले.

"पिल्लू आहे," भोंगा कुजबुजला. भोंग्याला कुजबुजता येतं हे मिस्त्रीला आजच कळलं.

मुंगसाची मादी रस्त्याच्या कडेला थबकली, इकडे तिकडे नाक फिरवलं आणि अंग जमिनीला घासत सरळ रेषेत पलीकडच्या झुडपात शिरली. थोड्या वेळाने रिकाम्या तोंडाने परत आली. पुन्हा पाइप, पुन्हा पिल्लू. दोघेही सायकलीला टेकून उभे राहिले. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती.

ती तिसऱ्यांदा निघाली तेव्हा वळणावरून एक ट्रक आला. भोंग्याने काही विचार केला असेल असं वाटत नाही. त्याने सायकल रस्त्यात आडवी घातली आणि दोन्ही हात वर केले. ब्रेक किंचाळले.

"ए, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" ट्रकवाला खिडकीतून ओरडला.

"बापाचा नाही, आईचा आहे. ती बघा, चालली!"

ट्रकवाल्याने वाकून पाहिलं. मग त्याने इंजिन बंद केलं आणि हनुवटी स्टिअरिंगवर टेकवून तो बघत राहिला. रस्ता अचानक शांत झाला. मादी मध्यभागी थांबली होती, पिल्लू तोंडात, एक पाय वर. तिने त्या थांबलेल्या भल्यामोठ्या गाडीकडे पाहिलं, आणि मग जणू हे असंच असायला हवं अशा थाटात ती चालत पलीकडे गेली. धावली नाही.

"मॅडमना लवकर उरकायला सांगा, मला माल पोचवायचाय," म्हणत ट्रकवाल्याने गाडी सुरू केली. जाताना त्याने हात हलवला.

आणखी एक पिल्लू गेलं. मग ती आली, पाइपात शिरली आणि रिकामीच बाहेर पडली. रस्ता ओलांडून गेली. मिस्त्री सायकलीपासून दूर होणार, तोच ती पुन्हा आली. पुन्हा आत. या वेळी तिला बाहेर यायला वेळ लागला. आत कोपरान् कोपरा हुंगत असावी. बाहेर आली, चार पावलं गेली, आणि वळून आणखी एकदा आत डोकावली.

"नेली की सगळी," मिस्त्री हळूच म्हणाला, जणू तिलाच.

"ताई अगदी," भोंगा म्हणाला. "गॅस बंद केला का बघायला जिन्यातून परत. कुलूप ओढून बघायला फाटकातून परत. लग्नाला निघालो की आम्ही वरातीलाच पोचायचो."

मिस्त्रीला हसू आलं. त्या हसण्याबरोबरच पुढचे शब्द त्याच्या तोंडून आपोआपच निघाले.

"बाबांसारखं तर होत नसेल ना रे मला?"

भोंगा सायकलची घंटी अंगठ्याने पुसू लागला.

"दाजी, मी चाखलं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"पीठ. रात्री मी पीठ चाखलंच नाही."

पीठ साच्यात जाण्याआधी भट्टीवाल्याने चिमूटभर जिभेवर ठेवून बघायचं, हा त्या बेकरीतला मालकीणबाईंच्या सासऱ्यांपासूनचा नियम होता. मीठ विसरणं ही पाववाल्यांची फार जुनी चूक आहे, नियम आला तोच तिच्यामुळे. मिस्त्रीला तो आठवलाही नव्हता. स्वतःच्या चुकीपुढे दुसऱ्याची चूक असू शकते, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"झोप लागली होती?"

"नाही हो. मी कधीच चाखत नाही." भोंगा खाली बघत होता. "कित्येक वर्षांत नाही चाखलं. तुमचं पीठ काय चाखायचं? आज पाव रंग धरत नव्हते तेव्हा तरी एक फोडून बघायचा. तर म्हटलं, भट्टीच मंद असेल. बाई तुम्हाला विचारत होत्या ना, तेव्हा मी मागे उभा होतो. बोलायला हवं होतं. तोंड उघडलं नाही." त्याने नाक ओढलं. "आणि म्हणे भोंगा."

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. रागवावं की काय करावं, ते त्याला ठरवता येईना. एवढा मोठा विश्वास आपल्यावर कुणी टाकला होता आणि त्याचा आपल्याला पत्ताही नव्हता.

"उद्यापासून चाखत जा," शेवटी तो म्हणाला.

"चाखेन. पण मग म्हणू नका, मेहुणा चुका काढतो."

"काढ. त्यासाठीच पगार घेतोस."

पलीकडे झुडूप एकदा हललं आणि स्थिर झालं. भोंगा सायकलवर बसला. "मागे बसा, सोडतो," म्हणाला. मिस्त्री बसला. उतारावर वारा लागला आणि भोंग्याचं तोंड सुरू झालं, ते घर येईपर्यंत थांबलं नाही. मिस्त्रीला दाराशी उतरवून तो तसाच पुढे गेला.

बायकोने दार उघडलं. चप्पल काढण्याआधी, उंबऱ्यातच, मिस्त्री म्हणाला, "आज पिठात मीठ घालायचं विसरलो. सगळा माल वाया गेला."

दाराच्या कडीवर तिचा हात होता, तो तिथेच राहिला.

"चाखायला कोण होतं?" तिने विचारलं.

"तुझा भाऊ. तो चाखायचं विसरला." भोंगा कधीच चाखत नाही, हे मिस्त्रीने सांगितलं नाही.

तिने हळूहळू श्वास सोडला. कडीवरचा हात खाली आला.

"मग काही नाही," ती म्हणाली. "ते दोघांना एकदम होत नसतं."

ती चहाचं आधण ठेवायला आत गेली. मिस्त्री उंबऱ्यात तसाच उभा राहिला. 'ते' म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. किती दिवसांपासून ती त्याच्यावर अशी नजर ठेवून होती, तेही नाही. चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो भिंतीला टेकून, एक चप्पल पायातच, गाढ झोपला होता.