पावसाचा पाहुणा

“हुंग गं वारा बाई, मग सोड गं ताणा
पावसाच्या आधी येतो, पावसाचा पाहुणा”

जात्याच्या घरघरीतून येणारा सासूचा तो आवाज चाळीस वर्षं खातूनबीच्या कानात राहिला होता. पाहुणा म्हणजे वास. गाळण्याच्या डोंगरापलीकडे कुठे माती भिजली, की तिचा वास आधी खातूनबीच्या नाकाशी यायचा आणि मग पाऊस मालेगावात उतरायचा.

“अम्मी, बोला ना. सोडू का ताणा?”

तिचा मुलगा इनायत सुताचा गुंडा खांद्यावर घेऊन उभा होता. विणकरांच्या या गल्लीत सकाळी बांबू रोवून ताणा सोडायचा, म्हणजे मागावर चढवायची उभी सुतं लांब पसरायची, ज्वारीच्या पिठाची खळ कुंच्यानं सुताला पाजायची आणि उन्हात वाळवायची. ओल्या खळीवर सर पडली की पीठ धुऊन जायचं, सुतं एकमेकांना चिकटायची आणि महिनाभर माग मुका व्हायचा. म्हणून खातूनबीला विचारल्यावाचून गल्लीत कुणी ताणा सोडत नसे.

चौतीस सालचा फाल्गुन होता. पण फाल्गुनाचा भरवसा आता कुठे राहिला होता? होळीच्या तोंडावर गारा, पौषात सरी. दिवाळीपासून खातूनबीचा शब्द दोनदा खोटा ठरला. शेजारच्या बद्रुद्दीनचा अख्खा ताणा भिजून गेला, तेव्हा तोच म्हणाला होता, “चाची काय करणार? हवाच फिरलीय.” ते ऐकून तिला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेली नव्हती.

तिनं डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

“सोड.”

“अम्मी,” चुलीपाशी खळ ढवळणारी तिची सून सकीना हळूच म्हणाली, “मला जरा ओल आल्यासारखी वाटते.”

“काल अंगण सारवलंस, त्याची असेल. जा, कुंचा धर. खळीकडे मी बघते.”

एका बाजूनं सकीना, दुसऱ्या बाजूनं मदतीला आलेला बद्रुद्दीन. कुंचे सपासप चालू लागले. खातूनबी चुलीशी बसली खरी, पण पाठ पातेल्याकडे आणि डोळे आभाळाकडे. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. तरी तिची नजर तिथून हलेना.

“अम्मी! खळ!”

सकीना धावत आली. पातेल्याच्या तळाशी काळा थर बसला होता, धूर खातूनबीच्या पदरावरून वर चढत होता.

“अहो, करपल्याचा वास पार मशिदीपर्यंत गेला, आणि तुम्ही...”

सकीनाचं वाक्य तिथंच थांबलं. तिनं सासूकडे पाहिलं. पातेलं उतरवलं. मग खाली बघत म्हणाली, “डोळा लागला असेल तुमचा.”

“हो,” खातूनबी म्हणाली. “डोळा लागला.”

तेवढ्यात समोरच्या घरातून पुंजा आपला गुंडा सावरत आला. “चाची, तुमचं नाक म्हंजे तारऑफिस! सांगा, काय तार आलीय? माझं बी सोडतो मग. पण या खेपेला चुकू नका बरं का. लेकीच्या, मैनाच्या लग्नाची लुगडी हायेत. दुसरं सूत नाय घरात.”

खातूनबीनं आभाळाकडे पाहिलं नाही. सकीनाकडे पाहिलं. पोर गाळण्याच्या दिशेला तोंड करून उभी होती, नाकपुड्या थरथरत होत्या, ओठ मात्र घट्ट मिटलेले. पाहुणा आला होता. त्यानं फक्त दार बदललं होतं.

“सकीना, ओल येतेय का अजून?”

सकीनानं सासूच्या डोळ्यांत पाहिलं. “वाढलीय, अम्मी.”

“इनायत! ताणा बांबूंसकट उचल. मशिदीच्या ओसरीत न्या. पळा!”

“अम्मी, आभाळात ढग तरी आहे का? अर्धी खळ लागलीय!”

“उचल म्हणते ना!”

कुंचे थांबले. गल्ली तिच्याकडे बघत राहिली. पुंजानं गुंडा पोटाशी धरला. “अन माझं?”

“तुझं सोडू नको. आणि यापुढे मला विचारू नको पुंजा, हिला विचार.”

“का वो? काय झालं?”

खातूनबी उठली. गुडघ्यावरची राख झटकली आणि पुंजाला ओलांडून बद्रुद्दीनसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या हातातल्या कुंच्यातून खळ ठिबकत होती.

“दिवाळीत ताप आला, तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही. बद्रुद्दीन, तुझा ताणा हवेनं नाही भिजवला. मी भिजवला.”