ट्रेलरच्या मागच्या टोकाला

बिट्टीने शेवटचा पट्टा करकचून ओढला, खटका बसवला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. ट्रेलरवर पाच वस्तू: बाबांचं लेथ, त्याचे सुटे केलेले दोन बिडाचे पाय, मोटर आणि हत्यारांचं कपाट. पिकअपच्या हौद्यात सात: ग्राइंडर, वाइस, चकची पेटी, लोखंडी रॉडच्या तुकड्यांच्या दोन पेट्या, तिची गादी आणि पुस्तकांचं खोकं. पुढे दोन सीट. एकीवर ती स्वतः बसणार होती. दुसरीवर पाण्याची बाटली होती.

“बारा,” ती म्हणाली.

“मघाशी अकरा म्हणालीस.” आई पायरीवर बसून मटार सोलत होती.

“गादी धरली नव्हती.”

“हलकी म्हणून?”

“विसरले म्हणून.”

शेजारच्या शेडमधले वेल्डरकाका हसले. दुपारभर त्यांनी आणि बिट्टीने मिळून साखळीच्या कप्पीने लेथ उचललं होतं, इंच इंच पुढे सरकवलं होतं, पुन्हा मागे घेतलं होतं. आता त्यांनी भंगार मोजायचा आपला काटा ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली सरकवला. बिट्टीने दांडा हळूहळू त्यावर टेकवला. शहाण्णव किलो. सामानासकट ट्रेलर साडेनऊशेचा. दहावा हिस्सा दांड्यावर, म्हणजे हवा तेवढाच.

“आणि कमी पडला तर?” काकांनी विचारलं.

“तर ट्रेलर मागून डुलायला लागतो. एकदा डुलायला लागला की गाडीलाच ओढून नेतो.”

“म्हणजे आमच्या घरातल्यासारखंच. पुढच्याचं वजन नसलं की मागचे नाचवतात.”

आईने हातातली शेंग खाली ठेवली.

“मीही येते,” ती म्हणाली. “लेथ जागेवर बसलेलं बघते, चार दिवस राहते आणि बसने परत येते.”

 खडूचा तुकडा घेऊन बिट्टीने शेडच्या दारावर बेरीज मांडली. पिकअप, डिझेल, हौद्यातलं सामान, ती स्वतः, दांड्याचा भार. अठराशे दहा. गाडीला सोसेल असं जास्तीत जास्त वजन अठराशे पन्नास.

“चाळीस उरतात. चाळीस किलोचं माणूस नसतं, आई.”

“मी होते. आठवीत.”

“वहिनी पाय दुमडून बसतील की,” काका म्हणाले.

“पाय दुमडले तरी वजन तेवढंच राहतं, काका.”

आई उठली. मटारचं ताट हातात घेऊन ती काट्यापाशी आली, एक पाय त्यावर ठेवला आणि आकडा स्थिरावण्याआधीच काढून घेतला.

“जाऊ दे. मला काय धाड भरलीय, मी इथे बरी आहे.”

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत बिट्टीला नोकरी लागली होती. तिथे मापं तपासायची उपकरणं बनत. भाड्याच्या खोलीमागे एक शेड मिळणार होती. लेथ घेऊन जा, इथे गंजेल, असं आईच म्हणाली होती. मागे घरात कोण, हा प्रश्न दोघींपैकी कुणीच तोंडावर आणला नव्हता. आईचं उत्तर ठरलेलं आहे असं धरून बिट्टीने तो विचारला नव्हता.

सकाळी ती नुसती पिकअप घेऊन पंपावर गेली. डिझेल भरलं, चारही चाकांत हवा मारून घेतली. परतली तेव्हा काका ट्रेलरच्या मागच्या बाजूला ताडपत्रीची दोरी बांधत होते.

“सैल वाटली म्हणून आवळली,” ते म्हणाले आणि तिच्याकडे न बघता आपल्या शेडमध्ये गेले.

बिट्टीने चहा उभ्यानेच घेतला. स्वयंपाकघरात रोजच्यापेक्षा जास्त उजेड वाटत होता. ऊन चढलं असेल. बाहेर येऊन तिने दांड्याचा जॅक फिरवला. काल दोन्ही हातांनी फिरवावं लागलेलं हँडल आज एका हाताने फिरलं. रात्री तेल सोडलं होतं, त्याचा गुण. तिने हुक अडकवला, खालून दोन्ही साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या जोडल्या, दिव्यांची वायर लावली.

“आई, मागे उभी राहा. दिवे सांग.”

“डावा लागला,” मागून आवाज आला. “उजवा लागला. ब्रेकचा… हो, लागला. दोन्ही लागले.”

मग आई खिडकीपाशी आली. रिकाम्या सीटवरची बाटली तिने उचलली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि परत ठेवली.

“उतारावर दमानं घे.”

“पोचले की फोन करते.”

“कर.”

गल्लीच्या टोकाला वळण मोठं घ्यावं लागलं. आतल्या बाजूचं चाक गटाराच्या फळीवरून जाऊ नये म्हणून बिट्टी आरशात बघत राहिली. चाक वाचलं. आई अजून उभी आहे का, हे बघायचं राहून गेलं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिने साठाच्या वर जायचं नाही असं ठरवलं. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून जात. पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट. चढाला खालचा गिअर आधीच, उताराला तोच गिअर. यात डोकं गुंतलं की बरं वाटायचं. सरळ सपाट रस्ता आला की गाडीत इंजिनाखेरीज काहीच उरत नसे. एकदा ती मोठ्याने म्हणाली, “पट्टे ठीक आहेत.” आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला. त्यानंतर ती बोलली नाही.

घाट नव्हता, पण एक लांबलचक उतार होता. मध्यावर एक टँकर शेजारून जोरात निघून गेला आणि त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला. ट्रेलर डावीकडे झुकला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे गेला. दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा होता. तिसऱ्याला पिकअपचा मागचा भाग त्याच्याबरोबर सरकला. ब्रेकवर जाणारा पाय तिने मध्येच थांबवला. स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला.  चौथा झोका तेवढाच. पाचवा लहान. मग ट्रेलर निमूटपणे मागे येऊ लागला, जसं काही घडलंच नव्हतं.

तिने गाडी कडेला घेतली.  मग उतरून टायर पाहिले, चाकाच्या तुंब्याला पालथा हात लावून पाहिला, पट्टे ओढून पाहिले. लेथ केसभरही हललं नव्हतं. कुठेच चूक नव्हती, आणि ट्रेलर डुलला होता.

पुढे एका खडी केंद्राच्या दारात वजनकाटा होता. चाळीसच्या वेगाने ती तिथवर गेली. काटेवाला टपरीवजा खोलीत रेडिओ दुरुस्त करत बसला होता.

“भरलेली की रिकामी?”

“आधी फक्त पिकअप. ट्रेलर जोडलेलाच राहू दे, त्याची चाकं बाहेर ठेवते. मग फक्त ट्रेलरची चाकं.”

“परीक्षा आहे काय गाडीची?” तो म्हणाला, पण त्याने आकडे नीट वाचून सांगितले. “सतराशे ऐंशी.” आणि नंतर, “नऊशे चाळीस.”

बिट्टी आकडे हातावर लिहून उभी राहिली. पिकअप अठराशे दहा भरायला हवी होती, तीस कमी भरली. ट्रेलरची चाकं साडेआठशेवर हवी होती, नव्वद जास्त भरली. एकंदर साठ किलो वाढले आणि तरी पिकअप हलकी झाली. म्हणजे ते साठ किलो चाकांच्या मागे होते, अगदी मागच्या टोकाला, आणि तिथून ते दांडा वर उचलत होते. ताडपत्री सोडण्याआधीच तिला ते कळलं. दोरीची गाठ काकांची होती.

कपाटाच्या मागे आईची लोखंडी ट्रंक होती. तिच्यावर पलंगपोसात गुंडाळलेली वळकटी.

ट्रंकेला कुलूप नव्हतं. वर स्वेटर होते, दोन्ही. खाली रोजचे कपडे, ठेवणीतले कपडे. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं शिलाई मशीनचं डोकं. जाडा चष्मा, बारीक वाचायचा चष्मा. रक्तदाबाच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या. आईची उशी. एका कोपऱ्यात चौघडी घातलेला स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा, दांडीच्या कड्यांसकट.

बिट्टीने पडदा उघडला नाही. कड्या मोजल्या. आठ. मग ट्रंकेच्या कडेवर बसून तिने फोन लावला.

“पोचलीस?” आईने विचारलं. “एवढ्यात?”

“नाही. वाटेत आहे. काट्यावर.”



“सापडली वाटतं,” आई म्हणाली.

“ट्रेलर डुलला, आई. उतारावर.”

“म्हणजे?”

“मागच्या टोकाला वजन झालं की डुलतो. उलटला असता.”



“तुला लागलं नाही ना?”

“नाही.”

“मला काय माहीत. म्हटलं मागे असली म्हणजे तुझ्या नजरेला पडायची नाही. काका नको म्हणत होते, त्यांना बोलू नकोस. मीच गळ घातली.”

“यात चार दिवसांचं सामान नाही.”

“ट्रंक घेऊन बसमध्ये चढता येत नाही मला. म्हटलं ती पुढे जाऊ दे, मागून मी येईन कधीतरी. तुझं बस्तान बसलं की.”

“मला विचारायचं ना.”

“येते म्हटलं होतं,” आई म्हणाली. “तू बेरीज करून दाखवलीस.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला. बिट्टीने हातावर लिहिलेले आकडे पुन्हा वाचले.

“तुझं वजन किती?”

“आता ते कशाला?”

“सांग.”

“अठ्ठावन्न. मागच्या महिन्यात दवाखान्यात केलं होतं. चपला काढून.”

“बरं. ठेवते.”

“बिट्टे.”

“काय?”

“पडदा चुरगळू देऊ नकोस. इस्त्री केलाय.”

मशीनचं डोकं आधी वेगळं उतरवून, काटेवाल्याच्या मदतीने तिने ट्रंक पुढे आणली आणि चाकांच्या पुढे, कपाट नि लेथ यांच्यामधल्या फटीत आडवी बसवली. डोकं परत ट्रंकेत, वळकटी तिच्यावर. पट्टा नव्याने आवळला. पिकअप पुन्हा काट्यावर घेतली.

“अठराशे तीस,” काटेवाला म्हणाला. “किती यायला पाहिजे?”

“सतराशे ब्याण्णवच्या आत. अठराशे पन्नासातून अठ्ठावन्न गेले.”

“ब्याण्णव? हा काटा दहा-दहाने बोलतो, ताई.”

“मग सतराशे नव्वद.”

ती हौद्यात चढली. वाइस आणि ग्राइंडर लागणार होते. काम पकडायला चक नसला तर लेथ म्हणजे नुसतं बीड. पुस्तकं आणि गादी, दोन्ही मिळून वीसच्या आसपास. राहिल्या रॉडच्या पेट्या. बाबा एकही तुकडा फेकत नसत. बोटाएवढा असला तरी त्याला माप लिहून ठेवत आणि म्हणत, याचं काहीतरी होईल. त्यातल्या बऱ्याचशा तुकड्यांवर अजून त्यांच्या हातचे पांढरे आकडे होते. तिने एक तुकडा उचलला, अंगठ्याने आकड्यावरचं तेल पुसलं आणि पुन्हा पेटीत ठेवला. मग दोन्ही पेट्या एकेक करून खाली उतरवल्या.

“या इथे ठेवल्या तर चालतील?”

“किती दिवस?”

“न्यायला येणार नाही. कुणाला लागलं तर द्या.”

काटेवाल्याने वाकून पेटीत पाहिलं. “चांगलं लोखंड आहे की. आणि यावर लिहिलंय काय हे?”

“मापं. बरोबर आहेत सगळी.”

तो पेट्या पायाने भिंतीशी सरकवू लागला. एक सरकली, दुसरीला त्याला हात लावावा लागला.

“ट्रेलर घेऊन वळायला जवळपास जागा आहे का?” तिने विचारलं.

“वळायला? तुम्ही तर खाली निघाला होता.”

“परत जायचंय. वर.”

“पुढच्या पंपाच्या आवारातून गोल फेरा मिळेल. मोठा घ्या. रिव्हर्सच्या भानगडीत पडू नका.”

“मोठाच घेते. त्याआधी एकदा मोजता?”

बिट्टी आत बसली. बाटली तिने उचलून दाराच्या खणात उभी केली, पट्टा लावला आणि पिकअप सावकाश काट्यावर नेली, ट्रेलरची चाकं बाहेर राहतील अशी. इंजिन बंद केलं. खोलीच्या खिडकीवरचे लाल आकडे वर गेले, खाली आले, थोडा वेळ दोन आकड्यांमध्ये घुटमळले.

“सतराशे नव्वद,” काटेवाला म्हणाला.