अप्पांचं लिहिणं

चिमीचं वय सत्तेचाळीस. चष्म्याचं दुकान स्वतःचं, हाताखाली दोन माणसं, डोळे तपासायची खोली वेगळी. दुकानात तिला सगळे मॅडम म्हणत. तिला चिमी म्हणणारा आता एकच माणूस उरला होता आणि नेमका तोच रोज सकाळी दुकानाच्या पेजवर कमेंट करायचा.

तो माणूस म्हणजे तिचे वडील, अप्पा. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी चिमीची आई गेली आणि घरात बोलायला कुणी राहिलं नाही. मग चिमीच्या कॉलेजातल्या लेकीने आजोबांना मोबाइलवर खातं उघडून दिलं, फोटो लावून दिला, कुठे दाबायचं ते तीनदा दाखवलं. तिचं स्वतःचंही खातं होतं, पण त्यावर एक अक्षर नसायचं. "आम्ही टाकत नाही काही, नुसतं बघतो," असं ती सांगायची. अप्पांना हे अजब वाटायचं. गेलो एखाद्याच्या घरी आणि काही न बोलता बघून आलो, हे कसलं जाणं?

ते स्वतः बोलूनच येत. चिमी सकाळी नव्या फ्रेमचा फोटो टाके, खाली दोन ओळींचा मोजका मजकूर. पाच मिनिटांत अप्पा हजर. 'फ्रेम सुंदर. चिमे, जेवलीस का? काल फोनवर आवाज बसलेला वाटला. गरम पाणी पी. – अप्पा.' खाली सही असायचीच.

"अप्पा, तिथे सगळे वाचतात हो," चिमी म्हणायची.

"वाचू देत की. मी काय कुणाची चोरी केलीय?"

"मला एकटीला पाठवा ना."

"तुला पाठवलं तर तू दुकानात असतेस, उत्तर संध्याकाळी. इथे निदान लोक तरी बोलतात."

ते मात्र खरं होतं. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, एक बेकरीवाला होता, आणखीही पाचसहा जण. ते अप्पांना 'लिफ्टवाले काका' म्हणत. लिफ्ट मध्येच थांबली तर काय करायचं, वजन जास्त झालं की तिला कळतं कसं, असं काहीबाही विचारत. अप्पा सविस्तर सांगत. वाचायच्या चष्म्याच्या फोटोखाली चाळीस कमेंट आणि त्यातल्या तीस लिफ्टबद्दल. दुकान माझं की यांचं, असं चिमीला वाटायचं. पण ती गिळून टाकायची.

एकदा तिने लहान मुलांच्या चष्म्यांबद्दल लिहिलं. मुलांना चष्म्याची लाज वाटू देऊ नका, वगैरे. खाली अप्पांनी लिहिलं, 'अगदी बरोबर. आमच्या चिमीला फार लाज वाटायची. दुसरीत असताना चष्मा गटारात टाकून आली आणि हरवला म्हणाली. मी बॅटरी घेऊन दोन दिवस शोधला. – अप्पा.' त्यावर शंभरेक लोक हसले. त्याच आठवड्यात काचांच्या कंपनीची बैठक होती. साहेबांनी ती कमेंट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, वर "मॅडम, सध्याचा तरी सांभाळा हो" असंही म्हणाले. सगळे हसले, चिमीही हसली. घरी आली ती मात्र लाल तोंडाने.

"अप्पांना ब्लॉक करते," ती लेकीला म्हणाली.

"ब्लॉक नको, कळेल त्यांना," लेक म्हणाली. "दुसरं एक आहे. ते लिहितील, त्यांना स्वतःला दिसेल, बाकी कुणालाच दिसणार नाही. तुलासुद्धा नाही. आणि त्यांना पत्ता लागणार नाही."

"पण हे बरं दिसतं का?"

"दिसतच नाही, हेच तर. अगं, माझ्या निम्म्या मैत्रिणी एकमेकींना असंच ठेवतात. यात अपमान वगैरे काही नसतो."

चिमीने बटण दाबलं.

पहिले दोनतीन दिवस तिचा जीव खालीवर होत राहिला. मग सवय झाली. आणि खोटं कशाला बोला, तिला हलकं वाटलं. पेज कसं स्वच्छ, धंद्याचं दिसू लागलं. रविवारच्या फोनवर अप्पा कधी विचारत, "चिमे, तुझ्या पेजवर माणसं कमी झाली का गं?"

"नाही अप्पा. का?"

"काही नाही. सहज."

ती लगेच त्यांच्या गुडघ्याचा विषय काढायची. अशी आठ महिने तिने वेळ मारून नेली.

मग एका दुपारी भूगोलाच्या बाई दुकानात आल्या. नंबर वाढल्यासारखा वाटतोय म्हणाल्या. चिमीने डोळे तपासले, फारसा फरक नव्हता. बाई उठल्या, पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली.

"एक विचारू? तुमचे वडील कधी गेले?"

"अप्पा? कुठे गेले?" चिमीने विचारलं.

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, म्हणजे... ते आताशा लिहीत नाहीत. बेकरीवाल्यांनी तुमच्या पेजवर दोनदा विचारलं, लिफ्टवाले काका कुठे आहेत म्हणून. पहिल्यांदा तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्यांदा नुसते जोडलेले हात टाकलेत. मग आम्ही समजून गेलो."

चिमीला ते हात आठवले. चौकशीबद्दल आभार, एवढंच तिला म्हणायचं होतं. गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा देता देता दाबलं होतं तिने ते.

"अप्पा ठणठणीत आहेत," ती म्हणाली.

"आहेत?" बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. "बरं झालं बाई. खरं सांगू, नंबराचं निमित्त होतं. तुम्हाला भेटून यावं म्हणून आले होते. मग ते लिहीत का नाहीत?"

"फोन बिघडलाय त्यांचा," चिमी म्हणाली आणि समोरच्या काचा पुसायला लागली. त्या आधीच स्वच्छ होत्या.

बाई गेल्यावर तिला काम सुचेना. माझ्या बापाला मी लोकांत मारून टाकलं, हे वाक्य तिच्या डोक्यात घुसलं ते निघेचना. चारच्या सुमाराला दुकान हाताखालच्या माणसांवर सोपवून ती निघाली.

जन्मभर लिफ्ट चालवत्या ठेवलेल्या अप्पांचं स्वतःचं घर बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडताच ते म्हणाले, "आत्ता कशी? बरं नाही का?"

"बरी आहे. सहज आले. अप्पा, तुमचा फोन बघू जरा."

"फोन उत्तम आहे. बस, चहा टाकतो."

ते स्वयंपाकघरात गेले. चिमीने खिडकीशी बसून त्यांच्या फोनवर आपल्याच दुकानाचं पेज उघडलं. तिथे सगळं होतं. एकाही दिवसाचा खाडा नव्हता. बाईंनी कुणाला तरी विचारलेला प्रश्न, त्याखाली अप्पांचं आठ ओळींचं उत्तर, त्याखाली काही नाही. बेकरीवाल्याने विचारलं होतं, 'लिफ्टवाले काका कुठे आहेत?' खाली अप्पा, 'इथेच आहे. तब्येत उत्तम. – अप्पा.' महिन्याने तोच प्रश्न पुन्हा. त्याखाली चिमीचे जोडलेले हात. आणि हातांच्या खाली, 'अहो, मी आहे.'

त्यानंतर दोन दिवसांनी, 'नमस्कार. माझ्या लिहिण्याने कुणी दुखावलं गेलं असेल तर माफी असावी.' आणि तिथून पुढे रोज फक्त 'छान'. छान, छान, छान. खाली सहीसुद्धा नाही.

अप्पा कप घेऊन आले. तिच्या हातातल्या फोनवर उघडलेलं पेज त्यांना दिसलं.

"लोक आता बोलत नाहीत माझ्याशी," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. "मी जरा जास्तच बोलायचो. तो बेकरीवाला मी कुठे आहे विचारतो, मी सांगतो, तर पुढे गप्प. चेष्टा करत असेल. आमच्या कामात कसं होतं, लिफ्ट अडकली की आतला माणूस हाका मारतो. आम्ही पहिलं काय करायचो, तर ओ द्यायचो. दुरुस्ती मागून. ओ मिळाली नाही की माणूस थोडा वेळ ओरडतो आणि मग गप्प होतो. तो गप्प झाला की आम्ही हत्यारं टाकून जिन्याने धावायचो."

चिमीने कप खाली ठेवला.

"अप्पा, चेष्टा नाही. त्यांना तुमचं दिसतच नव्हतं. मी बंद केलं होतं."

"काय बंद केलं होतंस?"

तिने सांगितलं. बटण, त्याचा अर्थ, सगळं. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. अप्पांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे मला दिसतं आणि बाकीच्यांना नाही?" ती हो म्हणाली. "आणि मला कळत नाही." ती पुन्हा हो म्हणाली.

"कधीपासून?"

"आठ महिने."

"म्हणजे त्या गटारातल्या चष्म्यापासून." अप्पांनी मान हलवली. "मला सांगायचं होतंस गं."

"सांगितलं होतं, अप्पा. कितीदा तरी."

त्यांनी थोडा विचार केला. "हो. सांगितलं होतंस खरं."

ते भांडले असते, आवाज चढवला असता, तर चिमीला सोसलं असतं. त्यांनी तिचं बरोबर ठरवलं आणि ती पार खचली.

"बटण कुणी दाखवलं?"

"मीच शोधलं," ती म्हणाली. लेकीचं नाव तिने घेतलं नाही.

तिने त्यांच्यासमोरच आपल्या फोनवरून ते बटण काढलं. "आता दिसेल सगळ्यांना. जुनंही एकेक करून दाखवता येतं. दाखवू?"

"नको." पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा कडक झाला. "मी आहे, मी आहे करून ओरडलेलं आता कशाला दाखवतेस लोकांना? पुसून कसं टाकायचं ते सांग."

तिने सांगितलं. मी करून देते म्हणाली, पण त्यांनी फोन दिला नाही. प्रत्येक कमेंट पुटपुटत वाचायची आणि मग पुसायची, असं दोनशेच्या वर. दीड तास चालला होता तो उद्योग. मध्ये एकदा काहीतरी वाचून स्वतःशीच हसले. चिमी समोर बसून होती. उठून जायचा तिला धीर झाला नाही आणि बसण्याचाही काही उपयोग नव्हता.

घरी लेकीला सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "सॉरी म्हणालीस ना? मग झालं." मग 'मी आहे'चं ऐकलं आणि हातातला फोन उलटा ठेवला. शनिवारी आपणहून आजोबांकडे राहायला गेली.

चिमीने कबूल केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेजवर अप्पा नव्हते. मात्र चिमीच्या फोनवर निरोप होता. 'आजच्या फोटोखाली पुढील मजकूर लिहावा म्हणतो. फ्रेम सुंदर, काड्या हलक्या वाटतात. चालेल का, कळव. – अप्पा.'

तिने लगेच लिहिलं, 'अप्पा, विचारू नका. काहीही लिहा.'

'विचारलेलं बरं,' उत्तर आलं. मग त्यांनी तेवढंच लिहिलं.

अर्ध्या तासात बाई आल्या, 'अहो, आहात होय तुम्ही!' बेकरीवाला आला. फोन नीट झाला का, म्हणून चौकश्या झाल्या. अप्पांनी 'होय, झाला,' असं लिहिलं. चिमीने सांगितलेलं खोटं त्यांनी न विचारता निभावून नेलं. महिन्याभरात पुन्हा लिफ्टच्या गप्पा सुरू झाल्या, चाळिसात तीस. चिमी आता त्या शेवटपर्यंत वाचते.

पण विचारणं काही थांबलं नाही. तिने फोनवर सांगून पाहिलं, समोर बसून सांगितलं, एकदा रडलीही. अप्पा हो हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी मजकूर मंजुरीला पाठवतात. त्यात राग नाही, टोमणा नाही. एकदा एक वस्तू बिघडलेली पाहिली की तो माणूस ती तपासल्याशिवाय वापरत नाही, एवढंच. मध्ये एकदा ती बैठकीत अडकली आणि निरोप संध्याकाळी पाहिला. अप्पांनी दिवसभर काही लिहिलं नव्हतं. 'असू दे. आता शिळं झालं,' म्हणाले.

तेव्हापासून ती फोन तपासणीच्या खोलीत नेते. गिऱ्हाईक यंत्रावर हनुवटी टेकून बसलेलं असतं, फोन थरथरतो, आणि ती "एक मिनिट हं" म्हणून वळते. 'चालेल' लिहिते. पाठीमागून गिऱ्हाईक विचारतं, "मॅडम, खालची ओळ वाचू का?"