तक्रार नाही

"काय म्हणते तब्येत, मिस्टर टॅटरसॉल?" डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

"तक्रार नाही," नॉरिस म्हणाला.

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको ग्लेनिस पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या बर्नलीत या प्रश्नाला हेच उत्तर असतं. माणूस सख्ख्या भावाला पुरून आलेला असला तरी तक्रार नाही म्हणतो आणि हवेबद्दल बोलायला लागतो. विम्याच्या दाव्यासाठी तपासणारे हे डॉक्टर इकडचेच, त्यांनाही हे ठाऊक असणार. पण बाहेर अजून चार दुखऱ्या माना रांगेत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं तसं लिहिलं.

मग त्यांनी मान वळवायला सांगितली. नॉरिसने त्यांना बरं वाटावं म्हणून दातओठ खाऊन, वळत होती त्यापेक्षा जास्त वळवली. दुखतं का विचारल्यावर "चालायचंच" म्हणाला. तेही लिहिलं गेलं.

अपघात म्हणावा असं काही घडलंच नव्हतं. लाल दिव्याला उभ्या असलेल्या त्याच्या व्हॅनला मागून एका बाईची गाडी येऊन टेकली. टपावरच्या शिड्या खडखडल्या. बाई रडायला लागली, तर उलट यानेच उतरून तिची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उशीवरून डोकं उचलेना. लोकांच्या खिडक्या धुण्यात त्याचा जन्म गेलेला. लांब दांड्याचा ब्रश वर धरायचा आणि दिवसभर मान वर करून बघायचं, यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं.

आमच्याकडे दुखऱ्या मानेवर कुणाचा विश्वास बसत नाही. तुमचा अलीकडे अपघात झाला होता का, असं विचारणारे भरपाईवाल्या कंपन्यांचे फोन इथे ऐन जेवणाच्या वेळी येतात, आणि न झालेला अपघात आठवणारे लोकही निघतात. ग्लेनिसचा भाऊ सेल्विन त्यातलाच. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीला जरासा धक्का लागला, त्याच्या भरपाईत स्वारी टेनेरिफ बेटावर सुट्टीला जाऊन आली. तेव्हा क्लबमध्ये गळ्याला मानेच्या पट्ट्यासारखा टॉवेल गुंडाळून, ताठ मानेने बिअर पिण्याची नक्कल करून नॉरिसनेच सगळ्यांना पोट धरून हसवलं होतं.

आता त्यानेच दावा लावला म्हटल्यावर क्लबवाल्यांना आयतं कोलीत मिळालं. "काय रे, टॉवेल घरी विसरलास?" असं प्रत्येक जण विचारी. नॉरिसही हसे. त्याला खरं तर दावा नकोच होता, ग्लेनिसने लावायला लावला. पण एकदा लावल्यावर त्याला एकच आस लागली. ही मान खरोखर दुखते आहे, असं कुणातरी शिकल्यासवरल्या माणसाने लिहून द्यावं.

विमा कंपनीचं पत्र आलं ते ग्लेनिसने स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं. आपली तक्रार नसल्याचं रुग्णाने स्वतःच सांगितलं आहे, सबब दावा नाकारण्यात येत आहे.

"असं कसं रे सांगितलंस?"

"त्यांनी तब्येत विचारली, ग्लेनिस. माणसाने दुसरं काय सांगायचं?"

"मलाही रोज तेच सांगतोस," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. "मला वाटायला लागलं होतं, तुला काही झालेलंच नाही. आपल्या सेल्विनसारखं."

नॉरिसने आपला कप विसळून पालथा घातला. जगाने हसावं हे त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं, पण हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने आपली घरं विकायला काढली. खिडक्या धुणाऱ्याची बांधलेली गिऱ्हाइकं दुकानासारखी विकली जातात, आणि जुन्या माणसाने नव्याला दारोदार नेऊन ओळख करून द्यायची असते. डॅरेल नावाच्या हसऱ्या माणसाने ती घेतली. मागे वळून बघता येत नसल्यामुळे नॉरिसची गाडी चालवणं सुटलं होतं, म्हणून व्हॅन ग्लेनिसने चालवली. दारादारांत चहा झाला, गिऱ्हाइकांनी त्याचा हात हातात घेतला. एका म्हाताऱ्या बाईंनी तर जिंजर केकच बांधून दिला.

शेवटच्या घरी डॅरेलने वरच्या खिडक्या धुतल्या आणि कशा झाल्या म्हणून विचारलं. दारात उभं राहून नॉरिसला त्या दिसेनात. तो पाठमोरा मागे सरकू लागला. फाटकाबाहेर आला, फुटपाथवरून खाली उतरला. ग्लेनिस धावत व्हॅनमधून उतरली, तिने त्याचं कोपर धरलं आणि त्याच्याऐवजी रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत त्याला पलीकडे नेलं. समोरच्या भिंतीला पाठ टेकली तेव्हा कुठे, मान न उचलता, वरच्या खिडक्या त्याच्या नजरेत आल्या.

"झकास," त्याने डॅरेलला हात केला.

मग हात खाली आला आणि तो हळूच म्हणाला, "दुखतंय गं."

"हो रे," ग्लेनिस म्हणाली. तिने त्याचं कोपर सोडलं नाही. डॅरेल नळी गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवेपर्यंत दोघं तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.