कठड्याला हात लावू नये

“फोन आधी समोरच्याने ठेवायचा, आपण नाही.” मदतवाहिनीचं काम शिकवणाऱ्या बाईंचं हे सांगणं सुनेने रोजच्या नेमासारखं पाळलं होतं. रोगाची साथ आल्यापासून, धीर सुटलेल्यांचे फोन ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून घेई.

त्या दुपारी एक बाई बोलत होती. नवरा साथीत गेला. ती बरी होऊन आली, धोका नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तरी इमारतीने जिन्यात कागद लावला : हिने दुपारी दोन ते तीनच ये-जा करावी, कठड्याला हात लावू नये. सकाळी देवापुढे हात जोडणाऱ्या अठरा घरांनी त्यावर सह्या केल्या होत्या.

“आठ दिवस शिलाई मशीनशीच बोलतेय. तेही कुरकुरतं.”

“ताई, स्पष्ट विचारते. जीव द्यायचं मनात येतं का?”

“येतं. काल गच्चीकडे निघाले होते. कठड्याला हात लागला म्हणून खालून कुणीतरी ओरडलं. घाबरून घरात आले.”

सुनेच्या हातातलं पेन थांबलं. कागदाचं ऐकूनच तिला शंका आली होती; ते ओरडणं तर तिने स्वतः ऐकलं होतं. आवाज सासूबाईंचा होता.

“ताई, मी खालच्या मजल्यावरची. त्या कागदावर माझीही सही आहे.”

पलीकडे शिलाई मशीन कुरकुरलं, मग थांबलं.

“मी आत्ता वर आले तर दार उघडाल?”

“तुला येऊ देतील?”

“ते माझं मी बघते. तोवर दाराशीच बसून राहायचं. शब्द द्या.”

“तू येतेयस ना? मग बसते.” फोन आधी त्या बाईनेच ठेवला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला हात लावून वाट अडवून उभ्या होत्या. “फोनवर बोलून पोट भरत नाही वाटतं? वर गेलीस तर या घरात पाय ठेवायचा नाही.”

“आई, काल तुम्ही ओरडलात म्हणून ती वाचली. पण हात लागला म्हणून ओरडलात, ती मरायला निघाली होती म्हणून नाही.”

सासूबाईंचा हात चौकटीवरून आपोआप खाली आला.

“घरात घेतलं नाहीत तर जिन्यात बसेन,” सून हळूच म्हणाली.

जिन्यातल्या कागदावरची आपली सही तिने खोडली. शेजारची दोन दारं किलकिली झाली. तिने पेन पदराला खोचलं, कठड्यावर सबंध तळवा टेकवला आणि एकेक पायरी चढू लागली.