लाईन रिकामी नव्हती

बंगालच्या खाडीत वादळ उठलं की आमच्या बोथच्या बाजारात लोकांचे चेहरे खुलतात. ऐकीव नाही, पाहिलेलं सांगते. समुद्र इतका लांब की वादळ आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचा नुसता पाऊस उरतो, आणि तो नेमका हरभऱ्याच्या वेळेला पडतो. म्हणून रेडिओवर वादळाची बातमी लागली की बियाण्याच्या दुकानातला व्यंकटेश टेलिफोन एक्स्चेंजच्या खिडकीत तोंड घालून विचारायचा, "काय अक्का, आपला पाऊस कुठवर आला?"

त्या वर्षीही आला. जवळच्या इंद्रवेल्लीतल्या एक्याऐंशीच्या पोलीस गोळीबाराला तेव्हा दोनतीन वर्षं झाली असतील. नोव्हेंबर होता.

"माहा भाऊ तिकडं समुद्राकाठी हाय, व्यंकटेश," मी म्हटलं.

"मंग तर बरंच हाय की. त्याले म्हणा, एक फुंक मार अन् दे इकडं लोटून."

मी खिडकी त्याच्या तोंडावर लावून घेतली. हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर राग एवढा आला नसता.

मी सरोजिनी. बोथच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आमच्याकडून बाहेर जाणारी ट्रंक लाईन एकच, आदिलाबादची. तिथून निर्मल, हैदराबाद, विजयवाडा, आणि पुढं सगळा किनारा. आम्ही ऑपरेटर एकमेकींना नावानं हाक मारत नाही, गावानं मारतो. मी बोथ. ती विजयवाडा, ती नेल्लूर, ती बंदर, म्हणजे मछलीपट्टणम. चेहरा कुणी कुणाचा पाहिलेला नाही, पण कुणाची सासू कशी आणि कुणाचं पोर कितवीत नापास झालं ते सगळ्यांना ठाऊक. लाईन रिकामी असली की तेलुगूत गप्पा चालतात, आणि वरिष्ठांनी ऐकलं तर सगळ्याजणी एकदम "हॅलो, टेस्टिंग" म्हणतात.

धाकटा भाऊ उद्धव बँकेत लागला आणि त्याची बदली कोत्तदिब्बाला झाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वाळूचा दांडा, त्यावर कोळ्यांची वस्ती. एक देऊळ, एक बँक, आणि सगळ्या गावात फोन एकच, तोही बँकेत. खाडीवरच्या पुलानं पलीकडं गेलं की चिन्नापुरम, तालुक्याचं गाव. तिथल्या एक्स्चेंजमधून कोत्तदिब्बाचा फोन लागायचा.

त्या दिवशी सकाळी आमचे अप्पा एक्स्चेंजमध्ये आले. अमृतराव, महसूल खात्यातले निवृत्त गिरदावर. सगळी नोकरी त्यांनी पैनगंगेच्या काठच्या गावांत पुराचे पंचनामे करण्यात घालवली. पूर म्हटला की आमच्या घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

कॉल लागला. उद्धव हसतच बोलत होता. "रेडिओवर नेल्लूरकडं जाऊन राह्यलं म्हणतात, अक्का. इथं तर ऊन हाय."

अप्पांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. "ऊन असू दे. माहं ऐक. पाणी पायरीपायरीनं चढत असते. देवळाच्या ओट्याले मधल्या पायरीवर खडूनं खूण कर. खुणेले पाणी लागलं का मंग हालायचं. तोवर सामान माळ्यावर टाक, अन् उगा लोकायसारखं पळू नको. पळणारा माणूस खड्ड्यात जाते."

"हो अप्पा. घरमालकीण म्हातारी पण इचारत होती, काय करायचं म्हून. तिलेही सांगतो."

"सांग. म्हणा, माह्या बापानं जिंदगीभर पूर पाह्यले."

कॉलची तीन मिनिटं संपली. अप्पा छाती काढून घरी गेले. आमचे अनंतराव, म्हणजे एक्स्चेंजचे इन्चार्ज, म्हणाले, "वडील माणूस घरात असणं म्हणजे मोठा आधार असतो हो, सरोजिनीबाई." मीही मान हलवली.

दुपारी नेल्लूर बोलली. "बोथ, रेडिओ काय सांगतोय? वादळ माझ्याकडं येतंय म्हणे. माझ्याकडं तर वारा उलटा, जमिनीवरून समुद्रात चाललाय. कालचे माझे कपडे आज वाळले." ती हसली. तेवढ्यात बंदर मधे घुसली. तिच्याकडं वारा समुद्रावरून आत येत होता आणि एक्स्चेंजची दारं बांधून ठेवावी लागली होती.

चिन्नापुरम हसली नाही. बाई तिथलीच, समुद्राकाठी जन्मलेली. म्हणाली, "खाली नेल्लूरला वारा बाहेर जातोय, वर बंदरला आत येतोय. मग त्याचं तोंड मधे आहे, आमच्याकडं. सकाळी आमचा वारा ईशान्येचा होता, आता पूर्वेचा झालाय. माझी आई असा वारा सुटला की चूल विझवायची आणि आम्हाला घेऊन निघायची."

"माझ्या भावाला सांगितलंय देवळाच्या ओट्यावर थांबायला," मी म्हटलं.

"ओट्यावर? कशाला?"

मी अप्पांची पायरी आणि खूण सांगितली.

ती इतकी ओरडली की मी हेडफोन कानापासून लांब धरला. "कुणी सांगितलं हे? बोथ, समुद्र नदीसारखा चढत नाही! तो उभा राहून येतो, नारळाच्या झाडाएवढा. खुणेला पाणी लागेल तेव्हा ती बघायला कोण असणार आहे?"

अप्पांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. मी पाहिला नव्हता. आमच्या अख्ख्या गावानं पाहिला नव्हता. आणि आम्ही तीन मिनिटांत किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र शिकवून मोकळे झालो होतो.

"मग तू सांग ना कोत्तदिब्बाच्या लोकांना!"

"सकाळपासून सांगतेय. माझा आवाज ओळखतात ते. म्हणतात, तू एक्स्चेंजमधली पोरगी, अधिकाऱ्याला बोलायला लाव. मागं एकदा ते लोक गाव सोडून गेले, वादळ आलं नाही, आणि जाळी चोरीला गेली. आता हुकूम आल्याशिवाय हलणार नाहीत. इथले साहेब जीप घेऊन दुसऱ्या गावांना गेलेत, सापडत नाहीत. मासळीसाठी आलेले बर्फाचे ट्रक पुलाशी उभे आहेत, गेले की गेले. तुझा आवाज त्यांना माहीत नाही, बोथ. तू बोल. मी जोडून…"

खट्. लाईन गेली.

वादळानं नाही. केशवरावांनी नोंदवलेला लाईटनिंग कॉल आदिलाबादनं मधे घातला होता. लाईटनिंग म्हणजे सगळ्यांना बाजूला सारून आधी लागणारा कॉल. असतो तो सरकारी संकटासाठी. केशवराव आमच्या पंचायत समितीचे प्रेसिडेंट, तेव्हा त्यांच्या घरात जे होईल ते सरकारी संकट. लाईन हैदराबादला लागली आणि माझ्या कानात त्यांचा आवाज आला.

"घोडा पांढराच पायजे. पांढरा म्हणजे पांढरा. मागच्या वरातीले तुमी ठिपक्याचा आणला, माह्या इज्जतीचा कचरा झाला."

पुतण्याचं लग्न होतं. घोडा झाला, बँड झाला, बँडवाल्यांच्या टोप्यांचा रंग झाला. मी थांबले. का थांबले? नोकरी होती, सवय होती. मग मधे बोललेच. "साहेब, माफ करा. किनाऱ्यावर वादळ येऊन राह्यलं. तीन मिनिटं लाईन द्या, मी लगेच परत जोडून देते."

"कोण हाय हे? सरोजिनी काय?" ते हैदराबादच्या माणसाला ऐकू जाईल असं हसले. "आवं बाई, बोथले कोणता समुद्र आला? काऊन माह्या बोलण्यात तोंड घालून राह्यली?"

"माणसं मरतील, साहेब."

"मरणारे मरतातच. अनंतरावले दे."

अनंतराव माझ्या मागंच उभे होते. त्यांनी हात जोडले. केशवरावांना नव्हे, मला. "बाई, करू नका. माही पेन्शन हाय हो."

मी कॉर्ड उपटली. घोडा मधेच तुटला.

आदिलाबादनं विचारलं, "लाईटनिंग संपला?" मी म्हटलं, संपला. ती म्हणाली, "देवा, सुटलो," आणि पुढं जोडून दिलं. निर्मल, हैदराबाद, विजयवाडा. सगळ्याजणींनी वाट काढून दिली, एकीनंही का म्हणून विचारलं नाही. चिन्नापुरमच्या लाईनीत आता पाणी उकळल्यासारखा आवाज होता.

"उद्धव!"

"अक्का, वारा लय सुटला. पण मी खूण पाहून आलो, पाणी तिच्यापासून लांब…"

"खुणेले आग लाव! ट्रकात बस अन् नीघ!"

"पण अप्पा म्हणाले…"

"अप्पाच्या बापानं समुद्र पाह्यला होता काय? तू तिथं उभा हाय, डोळे हायत तुले, अन् इचारतो पैनगंगेच्या माणसाले? कोळ्यांचा पुढारी कुठं हाय? त्याले फोन दे. अन् मी कोण हाय ते बोलू नको."

म्हातारा पुढारी फोनवर आला. मी पाठ ताठ केली, जशी काही त्याला दिसणार होती, आणि केशवरावांच्या सुरात तेलुगूत म्हणाले, "हैदराबाद कंट्रोल रूम. डेप्युटी सेक्रेटरी बोलतेय. गाव आत्ताच्या आत्ता रिकामं करा. हा हुकूम आहे."

"बाई सेक्रेटरी?" त्याला संशय आला.

"का, तुझी परवानगी घ्यायची होती?"

हे मात्र त्याला पटलं. असं फक्त सरकारच बोलतं.

"अम्मा, जाळी? मागच्या वेळी जाळी गेली, कुणी विचारलं नाही."

"जाळी गेली तर सरकार देईल," मी म्हटलं. माझ्या हातात एक सुतळीही नव्हती.

त्यानं फोन न ठेवताच आरोळी दिली. मग पळणारे पाय ऐकू आले, बायका ऐकू आल्या, आणि मग काहीच नाही. पुढं मी एकेका गावाला हाक मारून बघत बसले. बंदर होती. नेल्लूर होती. चिन्नापुरमच्या जागी नुसती शांतता होती. वादळ कुठं आहे ते आता रेडिओनं सांगायची गरज नव्हती.

यथावकाश बोथला पाऊस आला. मऊ, बारीक, पेरणीला हवा तसाच. व्यंकटेशच्या दुकानापुढं छत्र्यांची गर्दी झाली आणि लोक एकमेकांना "मस्त पडून राह्यला" म्हणत होते. मी तिथून घरी जात होते. एकाही माणसानं विचारलं नाही की हे पाणी कुणाच्या अंगावरून आलं.

उद्धव आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा घालून. ट्रकांतून वस्ती पलीकडं गेली, चिन्नापुरमच्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर. त्यांच्यामागं पूल गेला. कोत्तदिब्बावर आता एकही भिंत नाही. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला.

"पोलम्मा राह्यली, अप्पा."

पोलम्मा म्हणजे घरमालकीण.

"मी तिले ओढलं. ओट्यावर बसून राह्यली होती. म्हणे, तूच तं सकाळी सांगितलं, तुहा बाप पुराचा मोठा अधिकारी होता. अजून खुणेले पाणी नाही लागलं, मी कायले जाऊ? घर सोडायचंच नव्हतं तिले. तुमी तिले कारण देल्लं."

अप्पांनी झटकलेला हात मागं घेतला. मग म्हणाले, "मी माह्या अनुभवाचं सांगितलं."

"तुमच्या अनुभवात समुद्र नव्हता, अप्पा," मी म्हटलं. "नव्हता तं गप बसायचं. एवढंच करायचं होतं." बापाला असं बोलायचं नसतं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पोलम्मालाही मोठ्या माणसाचं ऐकायचं शिकवलेलंच असणार.

मग मला एक्स्चेंजमध्ये बोलावलं. अनंतराव टेबलाच्या अलीकडं उभे, त्यांच्या खुर्चीत केशवराव बसलेले. लाईटनिंग कॉल तोडला आणि खोटी सेक्रेटरी झाले, दोन्ही गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या.

"माफी माग," केशवराव म्हणाले. "मी मोठ्या मनाचा माणूस हाय. इथंच मिटवून टाकतो."

"मागून टाका हो, बाई," अनंतराव म्हणाले.

"कशाची? घोड्याची?"

"पाह्यलं? पाह्यलं कशी बोलते? तुह्या भावापायी तोडला ना माहा कॉल? खरं सांग."

"भावापायीच तोडला. तुमी पुतण्यापायी जोडला होता."

त्यांनी टेबलावर हात आपटला. तेवढ्यात बोर्डावर खटका पडला. मी जाऊन हेडफोन लावला. विजयवाडा म्हणाली, चिन्नापुरमची एक लाईन आज उभी राहिली, घे. आणि पलीकडून तिचा आवाज आला, घसा पार बसलेला.

"बोथ, जिवंत आहे मी. ऐक, कोत्तदिब्बाची माणसं सकाळपासून माझ्या दारात बसलीत. म्हणतात, त्या सेक्रेटरीबाईला बोलाव. जाळी देते म्हणाली होती. काय सांगू?"

"पुढाऱ्याला दे," मी म्हटलं.

मग मी केशवरावांकडं वळले. "साहेब, तुमच्यासाठी कॉल हाय."

"कोणाचा?"

"कोत्तदिब्बाचा. सरकार पायजे त्यायले. बोथमधी सरकार तुमीच हाय ना?" आणि टेबलावरचा रिसीव्हर उचलून त्यांच्या हातात दिला.

सवयीनं त्यांनी तो कानाला लावला. हॅलो म्हणाले आणि तिथंच फसले. म्हातारा बोलायला लागला. मला बोर्डावर सगळं ऐकू येत होतं. त्यानं आधी घरांची नावं घेतली, मग कुणाचं जाळं कसलं होतं ते, मग होड्या, मग पोलम्मा. मधे केशवराव म्हणाले, "बघतो, बघतो," तर तो म्हणाला, "बघू नका, लिहून घ्या," आणि पहिल्यापासून सुरू झाला.

केशवरावांनी दोनदा रिसीव्हर माझ्याकडं धरला. मी घेतला नाही. शेवटी त्यांनी अनंतरावांकडं बघून बोटांनी हवेत लिहिल्यासारखं केलं, आणि अनंतरावांनी खिशातून पेन काढलं.