पावणेतीन मिलिमीटर

"पुन्हा पावणेतीन!" कारखान्याचे मालक हितेंद्रभाऊ मापाच्या काट्यावर बोट आपटत म्हणाले. "ताई, तुमचा कागद दोन मिलिमीटर म्हणतो. पट्टीला वाचता येत नाही वाटतं?"

पट्टीचं डिझाइन हेमांगीचं होतं. चार दिवसांत तिने ते गणित अकरा वेळा केलं होतं. पंपाच्या स्टार्टरमधली स्प्रिंग म्हणजे बोटभर पत्र्याची पट्टी. एक टोक स्क्रूने आवळलेलं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकाला पन्नास ग्रॅम टांगले की ती दोन मिलिमीटर वाकायला हवी. ती मेली पावणेतीनच वाकायची, आणि जळगाव एमआयडीसीतला तो अख्खा कारखाना हेमांगीकडे बघायचा.

"उद्या गिऱ्हाईक येतंय. नाही जमलं तर यापुढची ड्रॉइंगं पुण्याहून करून घेऊ," भाऊ म्हणाले आणि निघून गेले.

संतापाने तिला रडू फुटायचंच बाकी होतं. गणित बरोबर, वजन बरोबर, स्क्रू घट्ट. मग घोडं अडतंय कुठे? काहीच सुचेना तेव्हा तिने चिडून तीच पट्टी मायक्रोमीटरमध्ये धरली. जाडी शून्य पूर्णांक छत्तीस मिलिमीटर! शीट आली तेव्हा तिनेच मोजली होती, चाळीस भरली होती. केसाहून कमी फरक, पण एवढ्यानेही वाक भलताच वाढतो. पत्रा गेला कुठे?

ती तडक टूलरूममध्ये गेली. तिथले जुने कारागीर प्रेमराज आबा पॉलिशच्या फिरत्या चाकावर पट्टी धरून उभे होते.

"आबा, हे काय करताय?"

"चमकाई राहिनू, पोरी. नमुना शे ना! चाळीस वरीस व्हयनात, बिगर चमकना माल मन्हा हातमाईन गया नही."

ओरडायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. मायक्रोमीटर आणि शीटचा कोरा तुकडा त्यांच्या हाती दिला. आबांनी तो तुकडा आणि घासलेली पट्टी दोन्ही मोजले, चाक बंद केलं आणि कितीतरी वेळ हात पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर न घासलेली मळकट पट्टी लावली. काटा बरोबर दोनवर थांबला. नमुना पास झाला.

"केलंत ना शेवटी गणित दुरुस्त!" गिऱ्हाइकाला निरोप देऊन आलेले भाऊ म्हणाले.

"गणित तेच आहे, भाऊ." आबांचं नाव तिने घेतलं नाही.

आबाच पुढे आले. "तिन्हा हिसाब पहिलेपासून बरोबर व्हता, भाऊ. चूक मन्ही शे. मी घासीसन पट्टी पातळ करी टाकी."

भाऊ खो खो हसले. "आबा, तिला पाठीशी घालू नका. चाळीस वर्षांत तुमचा हात चुकलाय का कधी?" त्यांनी आबांचा खांदा थोपटला. "आणि ताई, यापुढचं तुमचं प्रत्येक ड्रॉइंग आधी पुण्याला तपासून घ्यायचं." ते केबिनमध्ये गेले.

आबा केबिनकडे वळले. "मी परत सांगस त्यास्ले."

"राहू द्या, आबा," हेमांगी म्हणाली आणि स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.